भामरे काकांच्या तीन फ्रेम

रविवार, १८ जानेवारी, सकाळी साडेदहा. स्थळ: नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, रफिकभाईंच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. हजर: रफिकभाई, निलेश आणि मी. गैरहजर: भामरे काका, आता कायमचे आपल्या गावी, नामपूरला, राहायला गेलेले. विषय: मंडळाच्या नव्या कॉम्प्युटरवर एचडीआरचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं.

मी आमच्या लहानशा फोटो मंडळाची चिटणीस. आठवडाभर विमा कार्यालयात लोकांचे दावे तपासते आणि रविवारी हे काम करते. बैठकीला मी गेल्या वर्षीचा तक्ता नेला होता. तीन सॉफ्टवेअर, बारा निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण. निलेशने तो पाहिला आणि बाराव्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, ही काकांची ना?"

"हो."

"ते असते तर ही ओळ भरेपर्यंत कोणाला चहा मिळाला नसता."

रफिकभाई म्हणाले, "भामरेसाहब नाय तर मीटिंग लवकर खतम होते. पण मजा नाय."

निर्णय काही झाला नाही. घरी येऊन इतिवृत्त लिहायला बसले, आणि इतिवृत्ताच्या जागी हे लिहून झालं.

एचडीआर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरात बसून आपल्याला घरातली माणसंही दिसतात आणि दाराबाहेरचं ऊनही दिसतं. कॅमेऱ्याला हे एकाच वेळी जमत नाही. बाहेरचं नीट घ्यावं तर घर काळं पडतं, घर नीट घ्यावं तर बाहेर नुसता पांढरा पडदा. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून लागोपाठ तीन फोटो काढतात, कमी उजेडाचा, बेताचा आणि जास्त उजेडाचा. मग सॉफ्टवेअर ते तिन्ही एकात मिसळतं. काका या तीन फोटोंना बाहेरची फ्रेम, मधली फ्रेम आणि आतली फ्रेम म्हणत. बटण दाबताना मोठ्याने मोजत, "बाहेरची... मधली... आतली. श्वास घ्या आता." श्वास घ्यायला सांगत, कारण तोवर आम्हाला तो रोखून धरायला लावलेला असे.

ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी तीसेक वर्षं तपासणी विभागात काढली होती. उंच, चालताना किंचित डावीकडे झुकणारे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी आणि एक भिंग. आमच्या पहिल्या प्रदर्शनाला ते असेच कोणाच्याही ओळखीशिवाय आले, दोन तास थांबले आणि जाताना एक कागद माझ्या हातात देऊन गेले. त्यावर फोटोंचे नंबर आणि पुढे दोष. "चार: क्षितिज एक अंश कललेलं. नऊ: डाव्या कोपऱ्यात कोणाचं तरी बोट. अकरा: चांगला, पण उलटा टांगलाय." अकरा नंबर गंगापूर धरणातल्या झाडांच्या प्रतिबिंबाचा होता. चार दिवस तो उलटा लटकत होता आणि शे-दीडशे लोक त्याची वाहवा करून गेले होते. मी कागदाखाली लिहिलेल्या नंबरवर त्याच संध्याकाळी त्यांना फोन करून सभासद करून घेतलं. माझ्याखेरीज कोणीतरी याद्या करतं याचा मला फार आनंद झाला होता.

मंडळात मतांना तोटा नसतो. "हा रंग छान वाटतो", "यात फील आहे", असं चालू असे. काका ऐकून घेत आणि म्हणत, "मत नको. रीडिंग सांगा." निलेश लग्नाचे फोटो काढतो. त्याचे आकाशाचे रंग म्हणजे निळी शाई सांडलेली. त्याच्या एका फोटोत डोंगराच्या कडेने पांढरी रेघ उमटली होती. एचडीआर जास्त ताणलं की अशी येते. काकांनी त्यावर पट्टी ठेवली.

"निलेशराव, ही झालर पाव मिलीमीटर आहे. डोंगराचं लग्न होतं का?"

"काका, क्लायंटला असंच आवडतं हो."

"मग क्लायंटला द्या. मला डोंगर द्या."

पांडवलेणीची सहल आठवते. लेण्यात आत मिट्ट अंधार आणि तोंडाशी डोळे दिपवणारं ऊन, एचडीआरसाठी याहून चांगली जागा नाही. ट्रायपॉडची परवानगी मी आधीच काढून ठेवली होती. अडचण होती ती माणसांची. तीन फ्रेम होईपर्यंत कोणी हललं तर मिसळलेल्या फोटोत त्याचं भूत होतं, म्हणजे एकाच माणसाच्या तीन अर्धवट सावल्या. मुंबईकडचं एक कुटुंब फिरत फिरत नेमकं मध्ये आलं. काकांनी हात वर करून कारखान्यातल्या आवाजात सांगितलं, "जिथे आहात तिथे थांबा. पुतळे व्हा." आणि सगळे खरोखर थांबले. एका गृहस्थाचा हात वेफर्सच्या पुडीत होता, तो तसाच राहिला. काकांना उजेड पसंत पडेना, ते ढग सरकायची वाट पाहत बसले. दोनेक मिनिटांनी त्या गृहस्थाने ओठ न हलवता विचारलं, "झालं का हो? नाक खाजतंय." काका म्हणाले, "आतली राहिलीय." तेही बिचारे थांबले. त्या फोटोत ते इतके स्वच्छ आलेत की पुडीवरची अक्षरं वाचता येतात.

गेल्या वर्षी मंडळाने ठरवलं की प्रत्येकाने वेगळं सॉफ्टवेअर वापरण्यापेक्षा मंडळासाठी एकच चांगलं निवडायचं. मी अकरा निकष काढले: तीन फ्रेम एकमेकींवर नीट बसतात का, झालर येते का, सावलीत दाणे दिसतात का, जुन्या कॉम्प्युटरवर चालतं का, एकदाच पैसे भरून भागतं का, वगैरे. काकांनी यादी दोनदा वाचली, पेन्सिल मागितली आणि खाली लिहिलं, "१२. माणूस राहतो का?"

"म्हणजे भूत निघतं का, असंच ना? तो सहावा निकष आहे," मी म्हटलं.

"भूत निघणं वेगळं. भूत काढताना माणूस जातो का, ते बघायचंय."

मला तो बारकावा वाटला, तपासनीसाला शोभेसा. मी ओळ ठेवली.

चाचणी कशी घ्यायची हेही त्यांनीच ठरवलं. सॉफ्टवेअरचं नाव कोणाला कळू द्यायचं नाही. पांडवलेणीच्या त्याच तीन फ्रेम तिन्हींतून काढायच्या, प्रिंटच्या मागे फक्त नंबर टाकायचा. निलेश आठ दिवस एका सॉफ्टवेअरची वकिली करत होता. त्या रविवारी त्याने तीन प्रिंट हातात घेतले आणि एक नंबरचा सरळ बाजूला सारला. "हा काय फालतू आहे, भिंती प्लास्टिकच्या दिसतात." रफिकभाईंनी नंबरांची चिठ्ठी उघडली. तो त्याचाच होता. रफिकभाई इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे, स्वतःचंच लेकरू रिजेक्ट केलंस!"

हसण्याच्या त्याच भरात काकांनी पिशवीतून आणखी तीन प्रिंट काढून टेबलावर ठेवले. हे मला माहीत नव्हतं. ते त्यांनी त्याच तीन सॉफ्टवेअरमधून रफिकभाईंकडून आदल्या दिवशी गुपचूप काढून घेतले होते. अंधाऱ्या घराचं दार, दाराबाहेर उन्हात पसरलेला कांदा आणि उंबऱ्याजवळ कोणीतरी बसलेलं. पहिल्यात दारापाशी नुसता काळा आकार. तिसऱ्यात कडेकडेने दाणेदार, पण माणूस कळत होतं. दुसऱ्यात त्या बाईंचा चेहरा दोन बाजूंना वळलेला आणि हात तीन.

निलेश अजून हसतच होता. "काका, या कोण? तीन हात आलेत, देवीच झाली की!"

काका म्हणाले, "ती सुमन. आमची मिसेस."

सुमनकाकू तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, आम्ही कोणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं. निलेशने प्रिंट खाली ठेवला. काकांनी तो उचलून त्याच्याच हातात परत दिला. "ठेवू नका. बघा. रीडिंग बरोबर आहे तुमचं, हात तीनच आहेत. म्हणून तर बारावी ओळ."

पुढचे चार रविवार निलेशने दुसरं काही केलं नाही. मंडळात त्या फोटोवर सगळ्यात जास्त खपला तोच.

त्या फ्रेम कशा काढल्या ते आम्हाला नामपूरला गेल्यावर समजलं. निलेशच्या गाडीतून काका, निलेश आणि मी असे तिघं गेलो होतो. काकांना तीच जागा, त्याच प्रहरी, माणसाशिवाय रिकामी उतरवून पाहायची होती. गावाबाहेर त्यांच्या भावाचं घर, समोर अंगण, पलीकडे कांदा साठवायची चाळ. काकांनी फीत काढून उंबऱ्यापासून ट्रायपॉडचं अंतर मोजलं, तेव्हाच्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिलं, सुमनकाकू बसल्या होत्या तो पाट त्याच फरशीवर ठेवला. त्यांचे धाकटे बंधू चाळीतून ओरडले, "दादा, आते कितला फोटू काढशी? जेवाले ये!"

"येस रे," येतो अशा अर्थाने काका म्हणाले. आमच्याशी बोलताना काकांच्या तोंडी पुस्तकी मराठी असे. गावात पाऊल ठेवलं की अहिराणी.

मग पाटाकडे पाहत त्यांनी सांगितलं. मे महिना होता, अंगणात कांदा सुकायला पसरलेला. सुमनकाकूंना गुडघेदुखीमुळे उन्हात काम करता येत नव्हतं, म्हणून त्या दारात बसून बायकांच्या कामावर नजर ठेवत होत्या. एक गुडघा वर, त्यावर हात. काकांनी नवा कॅमेरा घेतला होता. "हालू नको," त्यांनी सांगितलं. बाहेरची फ्रेम झाली, मधली झाली. आतल्या फ्रेमला कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो. तेवढ्यात त्या काकांकडे वळल्या, हात उचलला आणि म्हणाल्या, "पुरे कर आते, चहा थंडा व्हयी ऱ्हायना."

"मी रागावलो," काका म्हणाले. "म्हटलं, फ्रेम बिघडवलीस. पुन्हा काढू म्हणालो. ती म्हणाली, मंग काढजो. मग राहिलंच."

निलेशने कॅमेरा उचलला. तो अंगणात जाऊन कांद्याचे फोटो काढत राहिला, त्यातला एकही त्याने नंतर दाखवला नाही.

गुणांच्या बेरजेत दोन नंबरचं सॉफ्टवेअर पहिलं आलं. तीन नंबरचं संथ होतं, त्याचा पडदा कंटाळवाणा होता, झालरीतही ते मागे पडलं. पण त्यात एक सोय होती जी बाकी दोघांत नव्हती: जे हललंय ते कोणत्या फ्रेममधून घ्यायचं हे आपल्याला निवडता येत होतं. निलेशने हात वर केला. "माझं मत तीन नंबरला." रफिकभाईंचाही हात वर. मीही उचलणार होते.

काका उखडले. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "हे काय चाललंय? एका माणसाच्या एका फोटोसाठी मंडळाचं सॉफ्टवेअर निवडायचं? सेक्रेटरी, बेरीज काय सांगते?"

"दोन नंबर."

"मग दोन नंबर लिहा."

मी लिहिलं. रफिकभाई शांतपणे म्हणाले, "भामरेसाहब, बेरीज तुमची. कॉम्प्युटर माझा. मी दोन्ही टाकतो." आणि टाकलं.

तीन नंबरवर फोटो करताना मला पहिल्यांदा शंका आली. केसाएवढी झालर पकडणारा माणूस पडद्याकडे मान वळवून, बाजूने पाहत होता. मग भिंग लावून. मग मला म्हणाले, "हनुवटीशी पांढरं आहे का, जरा सांगता?" होतं, आणि चांगलं जाड होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"डोळ्याच्या पडद्याला मधोमध डाग पडलाय," ते म्हणाले. "दोन्हीकडे. कडा स्वच्छ आहेत. सरळ पाहिलं की जे पाहायचंय तेवढंच जातं. तुमचा चेहरा नाही दिसत, कान दिसतात."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हळूहळू वाढेल म्हणतात. रीडिंग देत नाहीत."

त्या दिवसापासून घाई सुरू झाली, आणि तरी फोटो होईना. कारण आता फोटो तीन झाले होते. सुमनकाकूंना बाहेरच्या फ्रेममधून घेतलं तर त्या फक्त आकार. पण गुडघ्यावरचा हात, मानेचा बाक, सगळं त्यांचं, भावाच्या घरातल्या कोणीही दुरून ओळखलं असतं. मधल्या फ्रेममधून घेतलं तर त्या कांद्याकडे पाहतायत, चेहऱ्याची एकच बाजू, तीही सावलीत, दाणेदार. आतल्या फ्रेममधून घेतलं तर चेहरा पूर्ण, डोळे थेट आपल्याकडे, ओठ बोलता बोलता उघडलेले. पण हात हललेला, केसांभोवती पांढरी कड, आणि बाहेरच्या कांद्याशी त्यांचा काही संबंध उरत नाही. निलेशने सुचवलं, "काका, आतल्या फ्रेमचा चेहरा कापून मधल्या अंगावर बसवतो. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल. ती तशी कधी बसलीच नव्हती."

"पण चांगलं दिसेल हो."

"निलेशराव, पंखाला चीर गेली की आम्ही रंग लावून देत नव्हतो." मग मऊ आवाजात, "तुम्ही खूप केलंत. या तीनातलाच एक घेऊ."

दिवाळीनंतर त्यांनी नाशिकची खोली सोडली. एकट्याने स्वयंपाक करणं, रस्ता ओलांडणं होईना. भाऊ न्यायला आले होते, पण सामान आधी टेम्पोने पाठवून काका स्वतः एसटीनेच निघाले. मी द्वारकेला त्यांना सोडायला गेले. सटाण्याची गाडी यायची होती. रिक्षा, भाजीच्या हातगाड्या, पुलाखालचा गोंगाट. भाऊ पाण्याची बाटली आणायला गेले, तेव्हा काकांनी मला तिन्ही फोटोंचा पेनड्राइव्ह दिला.

"तुम्ही निवडा," ते म्हणाले.

"मी? काका, मी त्यांना पाहिलेलंही नाही."

"म्हणूनच. मला ती तिन्हींत दिसते. काळ्या आकारातही दिसते. माझं रीडिंग आता धरायचं नाही. ज्याने तिला पाहिलं नाही त्याला ती कुठल्या फोटोत भेटते, ते मला हवंय. तोच भिंतीवर लावायचा. उद्या मला दिसेनासा झाला, तरी येणाऱ्याला तो दिसेल."

"तिन्ही पाठवते की."

"नाही. एकच. तीन पाठवले तर तुम्ही काहीच ठरवलं नाही."

गाडी आली. भावाने त्यांचा दंड धरला, पण त्यांनी तो सोडवून घेतला आणि पायरीवर एकटे चढले. दारात वळले. माझ्याकडे सरळ न पाहता त्यांनी मान पार उजवीकडे फिरवली, माझ्या बाजूच्या केळीच्या गाडीकडे पाहत राहिले, आणि मग हसले. तेव्हा समजलं की ते मलाच पाहत होते, नजरेची जी कड शाबूत होती तिच्यातून. कंडक्टरने घंटी मारली. ते तसेच, हातगाडीकडे तोंड करून, माझ्याकडे हात हलवत गेले.

आता दर गुरुवारी त्यांचा फोन येतो. कांद्याचं बियाणं, भावाच्या सुनेचं सायन्स कॉलेज, रफिकभाईंची तब्येत. फोटोबद्दल ते विचारत नाहीत. मागच्या गुरुवारी फक्त एवढं म्हणाले की डॉक्टरांनी मार्चमध्ये पुन्हा बोलावलंय, आणि सकाळी आता चहाचा कप हाताने चाचपून घ्यावा लागतो.

इतिवृत्ताच्या शेवटी मी करायच्या कामांची यादी देते. तशी ही:

१. फोटो निवडणे.
२. आकार ठरवणे: बारा बाय अठरा. झालं.
३. कागद: चकाकी नसलेला. आणून ठेवला.
४. चौकट: लाकडी, काच नको, काचेत दार चमकेल. झालं.
५. पॅकिंगचा पुठ्ठा. आहे.
६. नामपूरचा पत्ता लिहून चिकटवणे. झालं.

गेल्या दोन महिन्यांत मी पेनड्राइव्ह नऊ-दहा वेळा उघडला. लोकांचे दावे मी पंधरा मिनिटांत मंजूर-नामंजूर करते. आज सकाळीही तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. आकारातल्या बाई मला आता ओळखीच्या वाटायला लागल्या आहेत. मधल्या फोटोतल्या बाईंकडे पाहिलं की त्या काय पाहतायत ते मला पाहावंसं वाटतं. आणि तिसऱ्यातल्या माझ्याशी काहीतरी बोलतायत. एक नंबरचं काम राहिलं आहे.